दया कोणाच्या खर्चाने?

आमच्या घरातील मनी नावाच्या मांजरीचे गर्भाशय काढण्याची शल्यक्रिया सोमवारी करावयाची असे ठरले, आणि त्याआधीच्या मंगळवारी तिला तपासून घेण्याकरिता मी दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा ज्या प्रश्नाने पुढचे दोन दिवस माझे मन व्यापून टाकले तो प्रश्न मला प्रथम एका ओल्या कापसाच्या बोळ्यावर दिसला. डॉक्टरीणबाईंनी मनीला टेबलावर कुशीवर निजविले, शेपटीच्या मुळाशी केस उलट्या दिशेने फिरविले, आणि कातडीवर मिरपुडीसारखे जे काळे कण दिसले ते चिमट्याने उचलून भिजविलेल्या पांढऱ्या कापसावर ठेवले. क्षणभर ते कण काळेच राहिले. मग एकेका कणाभोवती तांबूस वर्तुळ उमटले, हळूहळू पसरले, आणि कापसावर कुंकू सांडावे तसा डाग पडला. "ही धूळ नाही," बाई म्हणाल्या, "हे हिचंच रक्त आहे. पिसवांनी प्यायलेलं आणि टाकलेलं."

पुढे त्यांनी जे सांगितले ते मी कागदावर उतरवून घेतले. पिसवा अंगावर असताना पोट उघडणे इष्ट नाही. केस भादरू लागले की त्या बिथरतात आणि निर्जंतुक केलेल्या कापडावर उतरतात. शल्यक्रियेनंतर मांजर खाजेपायी टाके चाटीत आणि ओरबाडीत राहते. शिवाय ज्या जनावराला भूल द्यावयाची त्याच्या अंगातले रक्त आधीच कमी होत असेल, तर त्याचाही हिशेब घेतला पाहिजे. लहान पिले तर निव्वळ पिसवांच्या उपद्रवाने पांढरीफटक पडून दगावतात. तेव्हा मानेच्या मागे, जेथे मांजराची जीभ पोचत नाही अशा जागी, कातडीवर सोडावयाचे थेंब गुरुवारपर्यंत घालून मोकळे व्हावे, ते काम सोमवारच्या सकाळवर ठेवू नये, थेंब घातल्यावर दोन दिवस अंघोळ घालू नये, आणि कोणते औषध किती आणि कोणत्या वारी घातले याची टीप शल्यक्रियेच्या दिवशी बरोबर आणावी. कारण पिसवांवरची काही जुनी औषधे, विशेषतः गळपट्ट्यांत घालीत ती, मज्जातंतूंवर काम करणारी असल्यामुळे भुलेच्या औषधांत ती आडवी येतात. एवढा तपशील घेऊन मी घरी आले, तेव्हा माझ्या मनात औषधाच्या दुकानाखेरीज दुसरा विचार नव्हता.

आमच्या शेजारी अक्का राहतात. आमच्या कोल्हापूरकडच्या दिगंबर जैन घराण्यातील, वय अठ्ठ्याहत्तर, वर्षातून एकदा तरी कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन चुकविणार नाहीत अशा. सूर्य मावळला की त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांच्या माहेरी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळीत आणि फडक्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत परत नेऊन सोडीत, ही हकीगत मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. त्या दिवशी त्या ओसरीवर येऊन बसल्या, मनीची चौकशी केली, सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मनीचं बरं होईल गं. पण त्या पिसवांचं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतील, पण मला तो तसा नेता आला नाही. ज्या देशात अहिंसेला परम धर्म म्हटले गेले आणि ज्या धर्मविचाराने जीवांची वर्गवारी त्यांच्या आकारावरून न करता त्यांना किती इंद्रिये आहेत यावरून केली, त्या परंपरेतील एक वृद्ध स्त्री हा प्रश्न विचारीत होती. उवा, ढेकूण, मुंग्या हे तीन इंद्रियांचे जीव. पिसूही त्याच पंगतीला बसणार. मांजर पाच इंद्रियांचे. या पायऱ्यांमुळे हिंसेच्या लहानमोठेपणाचे तारतम्य कळते, पण खालच्या पायरीवर उभा असलेला जीव हा जीवच नव्हे असे त्यातून निघत नाही. आपल्या कायद्यानेही हीच रुंद व्याख्या घेतली आहे: १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात प्राणी म्हणजे मनुष्यावाचून कोणताही सजीव असे म्हटले आहे. त्या शब्दांत पिसू बसते. मात्र तोच अधिनियम जी वेदना थांबवू पाहतो तिच्यामागे 'अनावश्यक' हे विशेषण आहे, आणि आवश्यक काय ते ठरविण्याचे ओझे कायदा आपल्याच अंगावर टाकतो.

महाभारतातील मांडव्य ऋषींची कथा मला त्या रात्री आठवली. चोरीचा आळ येऊन निरपराध मांडव्याला राजाने सुळावर चढविले. पुढे त्याने धर्माला जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की, लहानपणी तू खेळता खेळता किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास, त्याचे हे फळ. हा इनसाफ मांडव्याने मान्य केला नाही. त्याने धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, त्यातून विदुर झाला, आणि चौदा वर्षांच्या आतील मुलाच्या कृत्याला पाप लागू नये अशी मर्यादाही त्यानेच घातली. या कथेत अपराधाच्या मानाने शिक्षा भयंकर आहे असे मांडव्य म्हणतो, परंतु किड्याला टोचणे हे काहीच नव्हते असे तो म्हणत नाही. त्याची तक्रार वयाची आहे. मी चौदा वर्षांची नाही, आणि मी खेळत नव्हते. म्हणजे मला ती सवलतही नाही आणि तो दोषही नाही. माझा खटला वेगळा चालावयास हवा.

प्रथम पिसूची बाजू पाहिली पाहिजे, कारण तिच्यातर्फे बोलणारा कोणी नाही. मांजराच्या अंगावरील पूर्ण वाढलेली पिसू ही पंख नसलेली, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, केसांच्या रानातून सरसर वाट काढता यावी अशा गुळगुळीत अंगाची असते. मादी दिवसाला वीस-तीस, कधी पन्नासपर्यंत अंडी घालते. ती अंडी केसांत टिकून राहत नाहीत, मांजर जेथे निजते तेथल्या गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत ओघळतात. तेथे त्यांतून ज्या अळ्या निघतात त्यांना रक्त पिण्याचे साधन नसते. त्यांचे अन्न कोणते? मोठ्या पिसवा स्वतःच्या गरजेहून कितीतरी अधिक रक्त पितात आणि ते अर्धवट पचवून टाकून देतात. सुकलेले ते रक्त अंड्यांच्या मागोमाग त्याच गोधडीत पडते, आणि अळ्या ते खाऊन वाढतात. कापसावर मी जो डाग पाहिला तो, या दृष्टीने पाहिले तर, एका आईने आपल्या न पाहिलेल्या पोरांकरिता टाकलेला शिधा होता. हे कळल्यावर पिसूविषयीची किळस माझ्या मनातून बरीच ओसरली. ती दुष्ट नाही. तिला दुसरे अन्न नाही, दुसरे घर नाही, आणि तिच्या करणीत मनीविषयी वैर तर मुळीच नाही.

मग तिला का मारावे? अक्कांच्या प्रश्नाला पूर्वी सुरतेस एक उत्तर देण्यात आले होते, आणि ते इतके विलक्षण आहे की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. १६८९ साली विलायतेहून निघून सुरतेच्या वखारीत आलेल्या जॉन ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याचे प्रवासवर्णन १६९६ साली छापून निघाले. त्यात तो सांगतो की, सुरतेस आजारी आणि म्हाताऱ्या जनावरांचे जे इस्पितळ आहे त्याच्याजवळच ढेकूण, पिसवा आणि माणसाचे रक्त पिणारे इतर जीव यांच्या प्रतिपाळाकरिता दुसरी इमारत आहे. आणि त्या जीवांना त्यांच्या सवयीचे अन्न मिळावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथल्या खाटेवर निजवितात, व डंख असह्य होऊन त्याने पहाटेपूर्वी पळ काढू नये म्हणून त्याला खाटेला बांधूनही ठेवतात. परक्या धर्माच्या प्रवाशाने लिहिलेल्या मजकुरात अतिशयोक्ती किती हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या महाजनांनी हा धर्मादाय चालविला असेल त्यांच्या श्रद्धेचा उपहास करण्याची माझी इच्छा नाही. ढेकणालाही भूक आहे ही गोष्ट ज्यांना मनापासून जाणवली, त्यांचे अंतःकरण आपल्याहून कोवळेच असले पाहिजे.

माझे मन अडते ते त्या खाटेवरच्या माणसापाशी. त्याचे नाव ओव्हिंग्टनने लिहिलेले नाही. तो कोणत्या गावचा, त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, त्या रात्रीचे त्याला किती मिळाले, यातले काही आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढेच की पुण्य एकाच्या खाती जमा होत होते आणि रक्त दुसऱ्याचे खर्ची पडत होते. जैन आचार्यांनी या बाबतीत पळवाट ठेवलेली नाही. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केले असता त्याला संमती दिलेले, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदित, ही तिन्ही कर्मे कर्त्यालाच चिकटतात असा त्यांचा दंडक आहे. हिंसेच्या बाबतीत हा दंडक आपण मानतो. तो दयेच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे लावला, तर सुरतेच्या त्या खाटेवर दात्याने स्वतः निजावयास हवे होते.

आणि हे लक्षात आले तेव्हा माझे स्वतःचे आसनही डळमळले. कारण मनी ही तर त्या गरीब माणसाहूनही निराधार. त्याला निदान मजुरी मिळत होती आणि आरंभी तरी होय-नाही म्हणण्याची मुभा होती. मनीने करार केलेला नाही, मजुरी घेतलेली नाही; पिसवांना जगू द्यावे असा निवाडा मी ओसरीवर बसून दिला तर त्या निवाड्याची अंमलबजावणी तिच्या कातडीवर होणार. मंगळवारची रात्र आणि बुधवारचा सगळा दिवस मी विचारात घालविला, आणि त्या दोन दिवसांत ती खांबाशी पाठ घाशीत होती, झोपेतून दचकून उठत होती, मांडीच्या आतल्या बाजूचे केस तिने चावून चावून विरळ केले होते. माझ्या सूक्ष्म विवेकाचा खर्च ती भरीत होती. हे मला फार लवकर कळावयास हवे होते.

कोणी म्हणेल, मारू नये, फणीने काढून अंगणात सोडून द्याव्यात. हाही विचार मी केला. परंतु अंगणात सोडलेली पिसू एक तर थोड्याच दिवसांत उपाशी मरते, नाही तर बोळातल्या कुत्र्याच्या किंवा दुसऱ्या मांजराच्या अंगावर चढते. पहिल्या प्रसंगी मी तिला डोळ्यांआड मारलेले असते. दुसऱ्या प्रसंगी मनीचे देणे मी एका बेवारस जनावराच्या नावावर टाकलेले असते. सुरतेची खाट केवळ अंगणात हलविली, एवढेच.

या कोड्यातून खरोखर बाहेर पडलेला एकच पुरुष मला ठाऊक आहे, आणि त्याची कथा तिबेटी बौद्धांच्या परंपरेने जपून ठेवली आहे. चौथ्या शतकात पुरुषपुरी, म्हणजे आजच्या पेशावरास, जन्मलेला आचार्य असंग, वसुबंधूचा थोरला भाऊ, मैत्रेयाच्या दर्शनाकरिता बारा वर्षे गुहेत ध्यान करून निराश होऊन निघाला असता वाटेत त्याला एक कुत्री दिसली; तिच्या मागच्या अंगाला जखम होऊन तीत किडे पडले होते. किडे काढावेत तर ते मरतात, न काढावेत तर कुत्री मरते. असंगाने सुरी मिळविली, स्वतःच्या मांडीचे मांस कापून भूमीवर ठेवले, म्हणजे किड्यांना अन्न झाले. मग बोटांनी किडे चिरडतील या भयाने डोळे मिटून ते जिभेने उचलावयास तो वाकला, तेव्हा जीभ भूमीला लागली. कुत्री नव्हती, पुढे मैत्रेय उभा होता. आपल्या पुराणांतील शिबी राजाही याच जातीचा: ससाण्याच्या तोंडचे कबूतर त्याने सोडविले आणि ससाण्याची भूक स्वतःच्या मांसाने भागविली. दोघांच्याही कथेत दुसऱ्या कोणाच्या शरीराला हात लागलेला नाही. ज्याला दोन्ही जीव वाचवावयाचे आहेत त्याने तिसरा देह आणावा आणि तो स्वतःचा असावा, ही त्या कथांची अट आहे. मी असंग नाही. मांजराची पिसू मला चावते, पण माझ्या रक्तावर तिचा संसार चालत नाही. आणि चालला असता तरी मी मांडी कापली असती असे मी येथे लिहू शकत नाही. तेव्हा ज्यांना ती अट पाळता येत नाही त्यांनी असंगाच्या शब्दांत बोलू नये, एवढा प्रामाणिकपणा तरी मला राखला पाहिजे. मला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावयाची होती, आणि दुसऱ्याला मारावयाचे होते.

येथवर आल्यावर शास्त्रे पुष्कळ मदत करतात. वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराखाली असंख्य जीव मरतात, धान्याचा दाणाही सजीव आहे, चालणारा माणूस पायाखाली जीव तुडवितो, आणि सर्वस्वी अहिंसक असा देहधारी कोणी नाही. जैन गृहस्थधर्माने तर हिंसेचे चार वर्ग पाडून ठेवले आहेत: घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेच्या धंद्यात होणारी उद्योगी, आक्रमणापासून स्वतःचे किंवा आपल्या आश्रिताचे रक्षण करताना होणारी विरोधी, आणि केवळ मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी. यांतील चौथीचा त्याग गृहस्थावर बंधनकारक. पहिल्या तिन्हींत त्याने शक्य तेवढा संकोच करावयाचा. मनी माझी आश्रित आहे. तिच्यासाठी केलेली हिंसा तिसऱ्या वर्गात पडावी असे मी अक्कांना बुधवारी संध्याकाळी म्हटले. त्यांनी लगेच मान डोलावली नाही. "तसं म्हणता येईल," त्या म्हणाल्या, "पण एक कर. बाईच्या हातून करवून घेऊ नकोस. स्वतः कर. आणि काय करतेस ते नीट कळून कर." आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाई मांजराला धरावयास आणि औषध लावावयास आनंदाने तयार होत्या, आणि मी ते काम त्यांच्यावर सोपवून आतल्या खोलीत बसणार होते, हे अक्कांनी ओळखले होते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या वासराला विषाची सुई देऊन सोडविण्याचा निर्णय गांधीजींनी घेतला, तेव्हा देशभरातून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण डॉक्टरने सुई दिली ती गांधीजींच्या समक्ष, ही गोष्ट त्या प्रकरणात मला नेहमीच फार मोठी वाटत आली आहे.

अक्कांच्या दुसऱ्या वाक्याची किंमत मला गुरुवारी सकाळी कळली. औषधाच्या दुकानात मी "पिसवांचे थेंब" मागितले, दुकानदाराने एक खोके पुढे केले, पैसे देऊन मी घरी आले, मनीला मांडीवर घेतले, नळीचे टोक मोडावयास घेतले, आणि मग, अक्कांचे शब्द कानात होते म्हणूनच, खोक्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. खोक्यावर कुत्र्याचे चित्र होते. आत पर्मेथ्रिन हे द्रव्य होते, आणि सर्वांत खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, मांजरांवर वापरू नये असे छापलेले होते. मी दवाखान्यात विचारले. कुत्र्याचे यकृत जे विष सहज मोडून टाकते ते मोडण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. त्या थेंबांनी मांजराला कंप सुटतो, झटके येतात, आणि वेळेवर इलाज न झाल्यास ते मरते. डांबराच्या गोळ्या, तंबाखूचे पाणी, रॉकेलचा बोळा असे जे घरगुती उपाय मला त्या दोन दिवसांत शेजारपाजाऱ्यांनी सद्भावनेने सुचविले होते तेही त्याच जातीचे होते, कारण मांजर आपले अंग चाटून स्वच्छ करते, आणि जे अंगावर पडले ते त्याच्या पोटात गेलेच म्हणून समजावे.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाणे एवढ्यावर भागविलेले नाही. प्रमादामुळे प्राण हिरावणे ती हिंसा, असा त्यांचा आशय आहे. प्रमाद हा शब्द मी आजवर अनेकदा वाचला होता आणि त्याचा अर्थ मनाची मलिनता, रागद्वेष, असा काहीसा उंचावरचा करून घेतला होता. गुरुवारी सकाळी माझ्या मनात राग नव्हता, द्वेष नव्हता. पिसवांविषयी करुणा होती आणि मनीविषयी प्रेम होते. दोन दिवसांचे चिंतन गाठीशी होते. आणि न वाचलेल्या एका ओळीपायी मी तिला मारणार होते. औषधाचे नाव, प्राण्याचे वजन, थेंबांचे माप, वार आणि वेळ यांची चौकशी ही धर्मविचार संपल्यावर उरणारी किरकोळ व्यावहारिक बाब आहे असे मानणे हाच प्रमाद, असे मला आता वाटते. आमच्या प्रांताने याचा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १८९६ साली मुंबईस आणि मग पुण्यास प्लेग शिरला, तेव्हा घरे उघडून, सामान जाळून, माणसांना ओढून नेऊन सरकारने बंदोबस्त केला. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पोचविते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीस प्रयोग करून दाखविले ते १८९८ साली. त्याच्या आदल्या वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. त्यांच्या करुणेत काही उणे नव्हते. ज्ञान उणे होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण ते तेव्हा जगात कोणापाशीच नव्हते. आज ते खोक्यावर छापलेले असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा कबुलीजबाब पुरा होणार नाही. पिसवांच्या जिवाचा मी दोन दिवस काथ्याकूट केला, परंतु मनीचे गर्भाशय काढावयाचे हा निर्णय मी पाच मिनिटांत घेतला होता. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीन वेळा, एका वेळेस तीन-चार पिले. आमच्या बोळात त्यांतील बहुतेक पावसाळा पाहत नाहीत. कारणे सबळ आहेत आणि मी तो निर्णय आजही बदलणार नाही. पण एका जीवाची सगळी पुढची संतती खुडून टाकण्याला मी 'व्यवस्था' म्हटले आणि पिसवा मारण्याला 'हिंसा', हे माझे मलाच खटकते. ज्याची आपल्याला सवय झाली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अक्कांनी त्याविषयी मला काही विचारले नाही, आणि त्यांनी विचारले असते तर पाच मिनिटांहून अधिक वेळ मला लागला असता, लागावयास हवा होता.

गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेले, मांजराकरिताच असलेले औषध मी आणले. ओसरीवर उजेडात बसून, मनीला गुडघ्यांत धरून, मानेच्या मागचे केस दोन बोटांनी दुभंगले तेव्हा खाली कातडीची एक फिकट गुलाबी रेघ दिसली. तिच्यावर मी नळी दाबून रिकामी केली. अक्का समोर बसल्या होत्या. त्यांनी मनीला धरावयास हात लावला नाही, तोंडही फिरविले नाही. "मला हे जमणार नाही," त्या म्हणाल्या, "पण करू नकोस असंही मी म्हणणार नाही." शुक्रवारी सकाळी मनी जेथे निजली होती तेथे अंथरलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर मला सतरा पिसवा मेलेल्या सापडल्या. मी त्या मोजल्या. मोजण्याने त्यांना काही मिळाले नाही, परंतु आपण किती मारल्या हे मारणाऱ्याला ठाऊक असावे असे मला वाटले. मग ते फडके, तिची गोधडी आणि सतरंजी मी उकळत्या पाण्यात टाकली, आणि त्यांतील अंडी आणि अळ्या मोजता येण्यासारख्या नव्हत्या.

रात्रभर उपाशी ठेवलेल्या मनीला घेऊन मी सोमवारी सकाळी दवाखान्यात गेले. औषधाची टीप दिली. संमतीच्या कागदावर 'मालक' या शब्दापुढे सही केली. डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे केस पाहिले, ओला कापूस फिरविला, तो पांढराच राहिला. दहाव्या दिवशी टाके निघाले आणि ती आता नीट आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की औषध आपल्या हाताने घालावे, डॉक्टरांना विचारून घालावे, आणि खोक्यावरचे शेवटचे अक्षरही वाचावे. पिसवांचे काम एका दिवसात संपत नाही. त्यांचे कोष फरशीच्या फटींत आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, निश्चल पडून राहतात आणि जनावराची ऊब आणि पायांची हालचाल जाणवली की उघडतात. दर शनिवारी मी मनीला बारीक दातांच्या फणीने विंचरते आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवते. गेल्या शनिवारी दोन निघाल्या.